छोट्या शॅमेलिऑनसाठी किडे कोणते आणि ते पाळायचे कसे: नाशिकमध्ये नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडला आमच्या फ्लॅटमध्ये एक व्हेल्ड शॅमेलिऑन आहे. तो अडीच-तीन महिन्यांचा असताना आमच्याकडे आला. तेव्हापासून ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले फोन करतात. शॅमेलिऑनबद्दल फार कमी जण विचारतात, नव्वद टक्के प्रश्न किड्यांचे असतात. साहजिक आहे. प्राणी बिचारा फांदीवर गप्प बसून असतो, राबायचं असतं ते किड्यांसाठी. तेच तेच सांगून थकलो, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

पिल्लू आधी आणू की किड्यांची सोय आधी करू?

किडे आधी. निदान महिनाभर आधी. डबा भरा, क्रिकेट आणा, ते तुमच्या घरात जगतात का बघा. जगले, वाढले, त्यांची नवी पिढी दिसली की मग पिल्लाचं बोला. पिल्लू घरी आलं आणि दोन दिवसांत किडे मेले, असं झालं की लोक घाईघाईने गच्चीतला कोळी, बाथरूममधलं झुरळ, मिळेल ते पकडून घालतात, आणि बहुतेक पिल्लं तिथेच बिघडतात. मोठा शॅमेलिऑन दोन-चार दिवस उपाशी राहू शकतो, तीन महिन्यांच्या पिल्लाला ते झेपत नाही.

शेतात घोयरा सापडलाय. तोच पाळला तर?

नाही. आपल्याकडचा घोयरा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे. भारतात शॅमेलिऑनची ही एकच जात सापडते. पकडणं, घरात ठेवणं, विकत घेणं, सगळं बेकायदा. रस्त्यावर जखमी दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि तो विषारी नसतो. 'दिसला की मारायचा' असं अजूनही काही गावांत ऐकू येतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

इथून पुढे जे लिहिलंय ते बंदिवासात जन्मलेल्या परदेशी जातींबद्दल: येमेन आणि सौदी अरेबियाचा व्हेल्ड, मादागास्करचा पँथर. या जाती 'साइट्स' या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये येतात. असा प्राणी जवळ असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. विकणारा कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथून निघा.

कोणते किडे द्यायचे?

रोजची पोळी-भाजी म्हणजे क्रिकेट. आपण रातकिडे म्हणतो तेच, पण पाळीव जातीचे. हौशी मंडळींत सगळे 'क्रिकेट'च म्हणतात, मीही तेच म्हणेन. पचायला बरे, हालचाल भरपूर, त्यामुळे पिल्लाचं लक्ष लगेच जातं, आणि हव्या त्या आकाराचे मिळतात. काळे, जाड, मोठ्या डोक्याचे क्रिकेट येतात ते मात्र चावरे असतात. पिल्लासाठी फिकट तपकिरी घरगुती जात बरी.

पण नुसत्या क्रिकेटवर वर्ष काढू नका. आपण तरी बारा महिने वरण-भात खातो का? आलटून-पालटून द्यायला हे किडे आहेत:

पंख अधू असलेल्या, न उडणाऱ्या जातीच्या फळमाश्या. अगदी लहान पिल्लांसाठी यासारखं दुसरं काही नाही. केळं, ओट्स आणि चिमूटभर यीस्ट घातलेल्या बरणीत त्या वाढतात, झाकणाला कापूस किंवा घट्ट विणीचं कापड. घरातली चिलटं वेगळी. ती उडतात, आणि एकदा उडाली की महिनाभर चहाच्या कपात सापडतात.

ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या. इतर किड्यांमध्ये कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस कितीतरी जास्त असतो. या अळीत ते प्रमाण उलट आहे, म्हणून हिला माझ्याकडे मान आहे. ओल्या कचऱ्यावर या अळ्या वाढवणारे लोक आता बरेच झालेत, पण तिथल्या अळ्या घेऊ नका. त्यांनी काय काय खाल्लंय ते सांगणारं कोणी नसतं. धान्याच्या कोंड्यावर वाढवलेल्याच घ्या.

रेशीम अळ्या. यांच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय, कारण नाशिकमध्ये जमण्यासारखी ही गोष्ट आहे आणि फारसं कोणी करत नाही.

डुबिया झुरळं. मूळ दक्षिण अमेरिकेची. गुळगुळीत प्लास्टिकवर चढत नाहीत, आवाज नाही, वास जवळजवळ नाही, थेट पिल्लांना जन्म देतात. माझ्या मते क्रिकेटपेक्षा सोपी. पण 'घरात झुरळं पाळतोय' हे वाक्य आईसमोर, बायकोसमोर, सासूबाईंसमोर उच्चारायची हिंमत लागते. मी अजून उच्चारलेलं नाही. परदेशी जात आहे, बाहेर सुटू द्यायची नाही एवढं लक्षात ठेवा.

दुकानात सांगितलं की फक्त मीलवर्म द्या, स्वस्त पडतात. चालेल?

चालणार नाही. मीलवर्म म्हणजे धान्यातल्या भुंग्याच्या अळ्या, सुपरवर्म त्याच प्रकारच्या पण मोठ्या. मीलवर्ममध्ये चरबी क्रिकेटच्या दुप्पट असते, सुपरवर्ममध्ये तिप्पट, आणि दोघांची साल कडक. पिल्लाला आठवड्यातून एखाद-दोन, तेही नुकतीच कात टाकलेले, पांढरेशुभ्र दिसणारे. कात टाकल्यावर काही तास ते मऊ असतात. सुपरवर्म तर पिल्लू सहा महिन्यांचं होईपर्यंत विसरा. मीलवर्मची एक सोय आहे: गिरणीतून आणलेल्या गव्हाच्या कोंड्यात घालून डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला की आठवडेच्या आठवडे तसेच राहतात. सुपरवर्म फ्रिजमध्ये मरतात. फ्रिजमधल्या डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, नाहीतर कोणीतरी रवा समजून उघडेल. आमच्याकडे उघडला होता.

किडा केवढा असावा?

शॅमेलिऑनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा लांब, त्याहून मोठा नको. अगदी लहान पिल्लांना नुकते अंड्यातून निघालेले क्रिकेट लागतात, त्यांना 'पिनहेड' म्हणतात, खरंच टाचणीच्या डोक्याएवढे. तीन महिन्यांच्या पिल्लाला साधारण ज्वारीच्या दाण्याच्या दुप्पट लांबीचा. शंका आली की लहान घ्या. दोन लहान किडे जास्त गेल्याने काही बिघडत नाही, एक मोठा घशात अडकला तर बिघडतं.

दिवसाला किती?

तीन-चार महिन्यांपर्यंत रोज, योग्य आकाराचे दहा ते वीस, जेवढे पंधरा-वीस मिनिटांत खाईल तेवढे. चार ते सहा महिन्यांत दहा-बारा. सहाव्या महिन्यानंतर हळूहळू एक दिवसाआड. वर्षाच्या व्हेल्डला एक दिवसाआड चार-पाच पुरतात, आणि 'बिचारा बघतोय' म्हणून जास्त दिले तर मादी गरजेपेक्षा जास्त अंडी धरते, त्यात तिचा जीव जाऊ शकतो.

खायला सकाळी घाला. दिवा लागून तासभर झालेला असावा. अंग तापल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर घालणारे बरेच आहेत. डिसेंबरात त्यांच्याच तक्रारी येतात.

बाहेरचे नाकतोडे फुकट मिळतात, ते का नको?

हा प्रश्न पुण्यात किंवा मुंबईत विचारला तर उत्तर थोडं मऊ देता येईल. नाशिकमध्ये नाही.

आपल्याभोवती दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत, म्हणजे द्राक्षाचा पट्टा. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की डावणी, भुरी, थ्रिप्स, उडद्या, मिलीबग अशी रोग-किडींची एकामागून एक रांग लागते आणि त्यांच्यामागे फवारण्या. ट्रॅक्टरला लावलेला ब्लोअर चालला की औषधाचं धुकं बांधाच्या बरंच पलीकडे जातं. पिंपळगावचा माझा एक मित्र बागायतदार आहे. त्याच्याकडे मी एकदा बरणी घेऊन नाकतोडे पकडायला गेलो. तो हसायलाच लागला. म्हणाला, 'अरे, छाटणीनंतर आमच्या बागेत माशी बसायला घाबरते, आणि तू तिथे जेवण शोधतोस?' बांधावर दोन नाकतोडे सापडले. दोन्ही आडवे पडून पाय झाडत होते. असा अर्धमेला किडा पकडायला सोपा असतो, हीच त्यातली मेख. हाताला लागतो तो नेमका विष लागलेला.

टोमॅटो, कांदा, कोबी यांचीही तीच गत. शहरात तरी काय? डेंग्यूच्या दिवसांत गल्लीत धुराची गाडी फिरते, सोसायटीच्या बागेत महिन्याला औषध मारतात. शिवाय जंगली किड्यांच्या पोटात जंत असतात ते वेगळेच.

गंगापूर धरणाच्या मागच्या गवतात, शेतांपासून लांब, पकडलेला नाकतोडा एखाद वेळी मोठ्या शॅमेलिऑनला चालतो असं काही जण म्हणतात. मी पिल्लाला देत नाही.

यातले काही किडे मुळातच विषारी असतात का?

असतात. काजवे सगळ्यात आधी. मे-जूनमध्ये आपण भंडारदऱ्याला काजवे बघायला जातो, कोणाच्या तरी पोराने बाटलीत दोन भरून आणलेले असतात. ती बाटली शॅमेलिऑनच्या खोलीतही नको. काजव्याच्या शरीरातलं विष थेट हृदयावर काम करतं, आणि एखाद्या काजव्यानेही पाळीव सरडे मेल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत.

रुईवरचा निळा-पिवळा रंगीत नाकतोडा नको, तो रुईचा चीक खाऊन विष अंगात साठवतो. बाजरीच्या कणसावर येणारे हिंगे नकोत. पावसाळ्यात भिंतीवर चढणारे वाणी नकोत. केसाळ अळ्या कुठल्याच नकोत. एवढं भडक रंग लावून जो किडा उघड्यावर निवांत बसतो, त्याला कोणी खात नाही हे त्याला माहीत असतं.

घरातली झुरळं?

कधीच नाही. तुमच्या घरी जेल लावलं नसेल तर शेजारी लावलेलं असतं, आणि ड्रेनेजचा पाइप एकच असतो.

क्रिकेटचा डबा कसा लावायचा?

चाळीस-पन्नास लिटरचा, उंच भिंतींचा, आतून गुळगुळीत प्लास्टिकचा डबा घ्या. झाकणाचा मधला भाग गरम सुरीने कापून तिथे स्टीलची बारीक जाळी बसवा. नायलॉनची मच्छरदाणी लावू नका, क्रिकेट ती एका रात्रीत कुरतडतात. आत कागदी अंड्यांचे ट्रे उभे लावायचे, आडवे नाही. उभे असले की विष्ठा खाली पडते आणि किडे वर कोरड्यात राहतात. ट्रे अंडीवाल्याकडे मिळतात. ज्यावर अंडं फुटून वाळलंय तो घेऊ नका आणि बाकीचे एक दिवस कडक उन्हात ठेवा.

तळाला माती, भुसा काही नको. तळ मोकळा असला की घाण दिसते आणि काढता येते.

पाण्याची वाटी ठेवायची नाही. क्रिकेटएवढा बुडणारा प्राणी मी पाहिलेला नाही. दोन थेंबांतही बुडतो. गाजराचे, काकडीचे, लाल भोपळ्याचे काप द्या, ओलावा त्यातून मिळतो. काप रोज संध्याकाळी बदला. मेलेले किडे रोज काढा, विष्ठा चार-पाच दिवसांनी. डबा उघडल्यावर नाकात झणझणीत वास गेला तर अमोनिया साठलाय आणि तुम्ही उशीर केलाय. एका डब्यात गर्दी करू नका. दोनशे लहान क्रिकेट आरामात राहतात, पाचशे भरले तर एकमेकांना खातात.

माझे क्रिकेट आठवड्यात मरतात. काय चुकतंय?

महिना कोणता ते आधी सांगा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी असेल तर थंडी. क्रिकेटला अठ्ठावीस ते बत्तीस अंश हवे असतात. निफाडचा पारा दहाच्या खाली गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. शहरात घरामध्ये तेवढं नसतं, पण पहाटे सोळा-सतरा अंश सहज होतं. त्यात क्रिकेट लगेच मरत नाहीत. सुस्त होतात, खात नाहीत, वाढ थांबते. माणसाला वाटतं डबा शांत आहे. मी मोठ्या थर्माकोलच्या पेटीत डबा ठेवतो आणि डब्याच्या एका बाजूला सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळते ती गरम मॅट, थर्मोस्टॅट लावून. एकच बाजू गरम करायची, म्हणजे ज्याला नको तो सरकतो.

एप्रिल-मे असेल तर कोरडेपणा. चाळीसच्या आसपासची कोरडी दुपार पिनहेडना काही तासांत वाळवते. काप दोनदा बदला, डबा पश्चिमेच्या भिंतीला लावू नका.

जुलै-ऑगस्ट असेल तर बुरशी. पावसाळ्यात ट्रे दमट होतात, काप काळे पडतात, माइट्स म्हणजे धुळीसारखे पांढरे बारीक किडे दिसू लागतात. माइट्स दिसल्या की चांगले क्रिकेट नव्या डब्यात काढायचे, जुन्याचे ट्रे कचऱ्यात, डबा उकळत्या पाण्याने धुवायचा. इथे काटकसर करून ट्रे वाचवू नका.

आणि महिना कुठलाही असला तरी एकदा प्लगकडे बघा. दोन वर्षांपूर्वी भाचा सुट्टीला आला, डास चावतात म्हणून त्या खोलीत रात्री लिक्विडचं मशीन लावलं. माझ्या लक्षातच आलं नाही की क्रिकेटचा डबा त्याच खोलीत कपाटावर आहे. सकाळी झाकण काढलं तर अडीचशेच्या अडीचशे उताणे. काहींचे पाय अजून थरथरत होते. डासांचं मशीन, कॉइल, स्प्रे, अगरबत्त्या, सगळ्यांत डासांना मारणारं तेच औषध असतं, आणि क्रिकेटला आपण डास नाही हे त्या औषधाला समजावून सांगता येत नाही. असे मेलेले, अर्धमेले किडे पिल्लाला देऊ नका. मी पिशवीत बांधून टाकून दिले.

डब्यात मुंग्या शिरतात. खडूची रेघ मारू का?

खडू नको, त्यातही कीटकनाशकच असतं. डबा स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. आपल्या आज्या दुधाच्या पातेल्याला परातीत पाणी घालून ठेवायच्या, तेच. पाण्यात साबणाचा थेंब टाकला की मुंग्या तरंगून पलीकडे जात नाहीत. डबा भिंतीला टेकलेला नसावा, पडदा लागलेला नसावा. पालींसाठी जाळी आहेच.

क्रिकेटना खायला काय घालायचं?

सगळ्यांत जास्त वेळ मी या प्रश्नावर घालवतो, आणि लोक सगळ्यांत कमी लक्ष यावर देतात.

पिल्लाच्या तोंडात क्रिकेट जातो तेव्हा क्रिकेटच्या पोटातलं सगळंही जातं. दुकानातून आलेला क्रिकेट दोन दिवस उपाशी असतो, नुसतं टरफल आणि पाय. तो त्याच दिवशी घालणं म्हणजे रिकामा डबा शाळेत पाठवणं. आणलेले किडे आधी एक-दोन दिवस पोटभर खाऊ द्यायचे, मग पिल्लासमोर ठेवायचे. याला हौशी लोक 'गट-लोडिंग' म्हणतात.

माझ्या अनुभवात शेवग्याचा पाला पहिला. शंभर ग्रॅम ताज्या पाल्यात कॅल्शियम तीनशे मिलिग्रॅमच्या वर असतं. संध्याकाळी एक डहाळी ट्रेवर ठेवायची. सकाळी बघितलं तर पानं गायब, नुसत्या हिरव्या काड्या शिल्लक, आणि क्रिकेटच्या फुगलेल्या पोटातून हिरवट रंग दिसतो. तो रंग दिसला की मी त्यांना वाढायला घेतो. शेवगा सोसायटीच्या कोपऱ्यात फांदी खोचली तरी लागतो, बाजारचा पाला आणायची गरज नाही. त्याच्या खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके येतात, ते झाडावरच राहू द्या.

त्याबरोबर जास्वंदीची पानं, गाजर, लाल भोपळा, रताळं, थोडी मेथी किंवा कोथिंबीर. कोरडं म्हणून गव्हाचा कोंडा, ओट्स, डाळ्याची भरड. प्रथिनं कमी पडली की क्रिकेट एकमेकांचे पाय खातात, त्यासाठी डाळं पुरतं. कुत्र्या-मांजराचं कोरडं खाद्य घालू नका.

पालक, तांदुळजा, चुका, अळू नको. यांत ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणजे दिलेलंही वाया. कांद्याची पात नको. बाजाराची पालेभाजी कितीही धुतली तरी पानात मुरलेलं औषध पाण्याने जात नाही. त्यामुळे नवी जुडी आणली की आधी चार-पाच क्रिकेट वेगळ्या बरणीत घालून त्यांना खायला द्या. दुसऱ्या दिवशी जिवंत असतील तर बाकीच्यांना. राजाचं जेवण आधी दुसऱ्याने चाखायचं, तसं.

शेवगा दिला तर कॅल्शियमची पावडर कशाला?

कारण क्रिकेटच्या अंगात फॉस्फरस कॅल्शियमच्या सहा-सात पट असतो आणि शॅमेलिऑनला उलट हवं, साधारण दोनास एक. नुसत्या पाल्याने ती दरी भरत नाही. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढतं. पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा मऊ होतो, पिल्लू फांदी सोडून जाळीला लोंबकळतं, जीभ अर्ध्यातच पडते. हे सगळं दिसेपर्यंत महिना-दोन महिने उलटलेले असतात.

साधं कॅल्शियम, डी३ (ड जीवनसत्त्व) नसलेलं आणि फॉस्फरस नसलेलं, पिल्लाला जवळजवळ प्रत्येक जेवणाला. डी३ असलेलं महिन्यातून दोनदा. सरपटणाऱ्या प्राण्यांचं मल्टिव्हिटॅमिन महिन्यातून दोनदा, वेगळ्या दिवशी. औषधाच्या दुकानातल्या माणसांच्या गोळ्या कुटून घालू नका, त्यातलं डी३ चं प्रमाण माणसाच्या वजनाचं असतं.

पद्धत: उंच ग्लासात आजचे क्रिकेट, त्यावर दोन बोटांची चिमूट, ग्लास गोल फिरवायचा. पिठीसाखरेत घोळलेल्या शंकरपाळ्यासारखे पांढरेफटक झाले तर जास्त झालं. पिल्लू तोंड फिरवतं. किड्याचा रंग खालून दिसायला हवा. घोळवलेला किडा अर्ध्या तासात पोटात जायला हवा, नंतर तो स्वतःला साफ करतो.

आणि यूव्हीबी ट्यूब, म्हणजे कॅल्शियम अंगी लागायला हवे असणारे उन्हातले अतिनील किरण देणारी ट्यूब, नसेल तर ही सगळी पावडर वाया. काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी उरत नाही, त्यामुळे 'आमच्याकडे खिडकीत छान ऊन येतं' हे उत्तर चालत नाही.

पिंजऱ्यात सोडायचे की भांड्यात?

भांड्यात, निदान पहिले काही महिने. पांढरा, खोल, गुळगुळीत प्लास्टिकचा कप फांदीला बांधायचा. आतल्या एका बाजूला जाळीचा तुकडा चिकटवला की क्रिकेट त्यावर चढतात आणि पिल्लाला दिसतात. मोकळे सोडलेले क्रिकेट कुंडीच्या मातीत लपतात, आणि रात्री झोपलेल्या पिल्लाच्या पापण्या, शेपटी कुरतडतात. उरलेले संध्याकाळी मोजून बाहेर.

कपाजवळ पाच मिनिटं बसून बघा. एक डोळा कपाकडे वळतो, दुसरा अजून तुमच्यावर असतो. मग दुसराही वळतो. तोंड जरासं उघडतं, गुलाबी गोळी ओठांशी येऊन थांबते, आणि टप् असा बारीकसा आवाज येतो तेव्हा किडा कपात नसतो. जीभ शरीराहून लांब असते. हा टप् आवाज रोज तसाच येतोय ना, एवढं लक्ष ठेवलं तरी पिल्लाच्या तब्येतीची अर्धी बातमी कळते.

रेशीम अळ्या नाशिकमध्ये कशा मिळवायच्या?

महाराष्ट्रात तुतीवरची रेशीमशेती चालते. शेतकरी अंडीपुंज किंवा चॉकी, म्हणजे सुरुवातीला जोपासलेल्या बाल अळ्या, घेतात. ओळखीचा रेशीम शेतकरी असेल तर बॅच आल्यावर मूठभर अळ्या मागा. आपल्याला पन्नास-शंभरच लागतात, शेतकऱ्यांच्या हिशोबात ते काहीच नाही. मागताना त्यांना खरं कारण सांगा. मी 'प्रयोगासाठी' म्हणालो होतो, त्यांनी मला शिक्षक समजून प्रश्न विचारायला सुरुवात केली.

ही अळी मऊ, जवळजवळ सगळं पाणी, चरबी अगदी कमी. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या पिल्लाला उत्तम. खाते फक्त तुती. जुन्या बंगल्यांच्या कंपाउंडमध्ये तुतीची झाडं असतात, विचारून पानं आणा, औषध मारलेलं नाही याची खात्री करून. पानं ओली देऊ नका, ओल्या पानांनी अळ्यांना रोग होतो आणि सगळी बॅच काळी पडते. पावसाळ्यात फडक्याने एकेक पान पुसायचं. अंड्यातून निघाल्यापासून पंचवीस-सत्तावीस दिवसांत त्या कोष करायला लागतात, त्यामुळे साठवून ठेवायचा माल नाही.

क्रिकेटची पैदास घरी करू का?

पुरवठा कुरिअरवर अवलंबून असेल तर कराच. पंख आलेली मादी ओळखायला सोपी: मागे दोन शेपट्यांच्या मध्ये सुईसारखी तिसरी नळी. नर्सरीतलं कोकोपीट ओलं करून श्रीखंडाच्या डब्यात चार सेंटिमीटर भरा आणि मोठ्यांच्या डब्यात दोन-तीन दिवस ठेवा. मादी ती सुई पीटमध्ये खुपसून अंडी घालते. अंडी म्हणजे तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरट काड्या, डब्याच्या कडेतून दिसतात. मग तो डबा काढून वेगळा, झाकण अर्धवट लावून, तीस अंशांच्या आसपास. पीट वाळू द्यायचं नाही. दहा ते चौदा दिवसांत पिनहेड निघतात, पाच-सहा आठवड्यांत पंख येतात.

दर आठवड्याला एक डबा लावला की सगळे आकार हाताशी राहतात. थंडीत मॅटशिवाय अंडी फुटत नाहीत.

रात्री किरकिर फार होते, शेजारी बोलतात.

फक्त पंख फुटलेले नर ओरडतात. पंख फुटायच्या आधी वापरा, किंवा पैदाशीसाठी दोन-तीनच नर ठेवा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना मात्र तो आवाज आवडतो. त्यांना गावाकडची आठवण होते म्हणे. सगळ्यांना असे शेजारी मिळत नाहीत.

पिल्लू दोन दिवस खात नाहीये. किडा बदलू?

आधी बाकीचं बघा. नवीन घरी आलंय का? मग एक-दोन दिवस चालतं, समोर जाऊन उभे राहू नका. दिव्याखाली अठ्ठावीस अंश आहेत का? कात टाकतंय का? पाणी मिळतंय का? तो वाटीतलं पाणी ओळखत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. हे सगळं ठीक असेल तर किडा बदलून बघा: हिरवी काहीतरी अळी किंवा फळमाशी दाखवली की बरेचदा भूक चाळवते.

दिवसा डोळे मिटून बसत असेल, पाय वाकडे वाटत असतील, जीभ आत जात नसेल, तर किडे बदलत बसू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी. असा डॉक्टर आधीच शोधून नंबर लिहून ठेवा, रविवारी रात्री शोधायला जाऊ नका.

दिवाळीत चार दिवस गावी जायचंय.

पिल्लू सहा महिन्यांच्या आतलं असेल तर कोणीतरी घरी यायलाच हवं. माझ्याकडे वरच्या मजल्यावरचा नववीतला मुलगा येतो. त्याच्यासाठी चार छोट्या बरण्या भरून ठेवतो, एकेका दिवसाची एक, प्रत्येकीत दहा क्रिकेट आणि गाजराचा काप, वरती वार लिहिलेला. बाहेर फटाके सुरू होण्याआधी, सकाळी साडेआठला घालायचे, पाणी फवारायचं, कप संध्याकाळी रिकामा करायचा. आणि जाताना मी त्या खोलीतलं डासांचं मशीन माझ्या बॅगेत टाकून घेऊन जातो.